तेवीस नवरदेवांचं घड्याळ

भोरच्या एसटी स्टँडासमोर कुंडलिकचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार फूट रुंदीची जागा, पुढं काचेची पेटी, पेटीमागं एक माणूस आणि त्या माणसाच्या डोळ्याला लावलेलं भिंग. गावातल्या निम्म्या घड्याळांच्या पोटात काय दडलंय, हे त्यांच्या मालकांपेक्षा कुंडलिकला जास्त ठाऊक होतं. जुनं घड्याळ विकायचं असो की घ्यायचं असो, लोक आधी त्याच्यापुढं आणून ठेवत. तो मागचं झाकण उघडे, पाहून घेई आणि एक आकडा सांगे. त्या आकड्यावर दोन्ही बाजू सहसा वाद घालत नसत. कुंडलिकला त्या दुकानाच्या मिळकतीपेक्षा या गोष्टीचा अभिमान जास्त होता.

त्याला स्वतःला एक हौस होती. पाण्याखाली काम करणाऱ्यांसाठी बनवलेली जुनी ऑटोमॅटिक घड्याळं तो जमवायचा. मुंबईच्या गोदीत आणि बोटींवर नोकरी करून परतलेली तालुक्यातली माणसं अशी घड्याळं कधीमधी घेऊन यायची. या घड्याळाला चावी द्यावी लागत नाही. हात हलला की आतलं अर्धगोल वजन फिरतं आणि स्प्रिंग आपोआप भरते. काचेभोवती एक फिरती कड असते, तिच्यावर मिनिटांचे आकडे कोरलेले. बुडी मारताना पाणबुड्यानं कडेची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, मग वर कधी यायचं ते नुसत्या नजरेनं कळतं. कुंडलिकच्या बिस्किटांच्या डब्यात अशी चार घड्याळं होती. एकाचा काटा बदललेला, एकाची कड अडकलेली, एकाच्या डायलवर पाण्याचा डाग, चौथं बरं पण पॉलिश मारून मारून गुळगुळीत झालेलं. प्रत्येकाच्या पट्ट्याला त्यानं चिठ्ठी बांधली होती, आणि चिठ्ठीवर गुणाआधी दोष लिहिलेला असे.

"पाण्यात उतरायची घड्याळं," त्याची बायको रतनबाई डबा पुसताना म्हणायची, "आन मालक नीरेत गुडघ्याच्या वर कधी गेला न्हाई."

ते खरंच होतं. कुंडलिकला पोहता येत नव्हतं.

त्याला पाचवं घड्याळ हवं होतं आणि ते कोणतं हवं हेही ठरलेलं होतं. वेल्ह्याच्या रस्त्यावर विंझर नावाचं गाव आहे. तिथं बाजीराव नावाचा गडी मुंबईच्या गोदीत वीस वर्षं पाणबुड्या होता. एकसष्ट साली एका नॉर्वेच्या बोटीच्या पंख्यात दोरखंड अडकला, तो बाजीरावानं दोन दिवस पाण्याखाली राबून सोडवला. बोटीच्या अधिकाऱ्यानं खूश होऊन स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून त्याला दिलं. बाजीराव नोकरी सोडून गावाला आला तेव्हा घड्याळही आलं. कुंडलिकनं ते एकदाच पाहिलं होतं, अडुसष्टच्या उन्हाळ्यात. पट्ट्याची पिन तुटली म्हणून कुणीतरी ते भोरला आणलं होतं. पिन बसवायला पाच मिनिटं लागली आणि कुंडलिकनं ते घड्याळ पाऊण तास ठेवून घेतलं. मूळ काटे, मूळ डायल, पॉलिशचा हात न लागलेली बॉडी. त्या दिवसापासून सहा वर्षं तो बाजीरावाच्या मागं लागला होता आणि बाजीराव सहा वर्षं "बगू" म्हणत होता.

बाजीरावाची अडचण अशी की ते घड्याळ आता त्याचं एकट्याचं राहिलं नव्हतं. गावाला आल्यावर पहिल्याच वर्षी पुतण्याचं लग्न निघालं. नवरदेवाच्या हातात घड्याळ हवं, म्हणून त्यानं दिलं. पुढच्या वर्षी शेजाऱ्यानं मागितलं. मग वरच्या आळीनं, मग खालच्या आळीनं, मग दोन मैलांवरच्या वाड्यांनी. विंझरच्या नवरदेवाला बाशिंग आणि बाजीरावाचं घड्याळ या दोन गोष्टी लागत. उरलेलं वर्षभर ते पेटीत बंद पडून असे. लग्नाला नेताना दहा-वीस वेळा हलवायचं, की चालू. बाजीरावाची अट एकच होती. एकदा हातात बांधलं की माझ्या हातात परत देईपर्यंत काढायचं नाही. लग्नघरात काढून ठेवलेली वस्तू कुठं जाते हे कुणालाच कळत नाही.

चौऱ्याहत्तरच्या अक्षय तृतीयेला मात्र घोळ झाला. एकाच मुहूर्तावर दोन लग्नं, आणि बाजीरावानं घड्याळ एका घराला कबूल केलं, त्याच्या बायकोनं, सरूबाईनं, दुसऱ्या घराला. दोन्ही वऱ्हाडं एकदमच दारात उभी राहिली. ज्यांना मिळालं नाही त्यांनी पुढं महिनाभर सरूबाईकडं विरजण मागणंही बंद केलं.

"सवत परवडली," सरूबाई म्हणाली. "तिला कुणी उसनी तरी मागत न्हाई. इका ते घड्याळ!"

तेव्हा बाजीरावानं भोरला निरोप धाडला. साडेचारशे रुपयांत सौदा ठरला आणि गुरुवारी येऊन ने म्हणून सांगणं आलं. मूळ वस्तूंनिशी असलेल्या त्या घड्याळाची किंमत कुंडलिकनं पाचशेपर्यंत धरली होती, आणि तसं त्यानं बाजीरावाला आधीच कळवलं होतं. त्याच्याजवळ साडेचारशेच होते. बाजीराव म्हणाला, चालतंय.

गुरुवारी कुंडलिक सकाळच्या गाडीनं निघाला. नसरापूरला गाडी बदलून विंझरला उतरला तेव्हा दहा वाजले होते. बाजीरावाच्या पडवीत घोंगडीवर एक पांढऱ्या बुशकोटातला माणूस बसला होता. शेजारी कातडी बॅग, गालात पान.

"ये कुंडलिक," बाजीराव म्हणाला. त्याचा चेहरा काहीतरी लपवलेल्या माणसासारखा झाला होता. "हे आनंदराव. किकवीचे. पुण्यात मोटारीच्या सामानाचं दुकान हाय. यांची बहीण आपल्या गावात दिलीया. काल आले हुते, घड्याळ बघितलं."

"नमस्कार," आनंदराव म्हणाले. "तुमचं नाव ऐकून आहे. मीही घड्याळं जमवतो, तीसेक आहेत. हे मला पाहिजे. अकराशे देतोय."

कुंडलिक घोंगडीच्या कडेला बसला. वरच्या खिशातल्या साडेचारशे रुपयांचं वजन त्याला एकदम कळेनासं झालं.

"अकराशे?"

"एक अट घातलीये. जाणत्या माणसानं उघडून बघावं आणि सगळं मूळचं आहे असं माझ्यासमोर सांगावं. बाजीराव म्हणाले, तो माणूस उद्या येतोच आहे."

"म्या यांना सांगितलंय, तुजंबी यावर मन हाय म्हणून," बाजीराव घाईनं म्हणाला. "लपवलं न्हाई. पर कुंडलिक, अकराशे म्हंजे इहिरीवर इंजन बसतंय रं."

साडेचारशेत ठरलेलं घड्याळ अकराशेला जात असेल तर विहिरीच्या मालकानं काय करावं, हे कुंडलिकलाही कळत होतं. त्यानं पिशवीतून भिंग काढलं, झाकण उघडायची चावी काढली आणि मांडीवर पांढरा रुमाल पसरला. सरूबाईनं पेटीतून फडक्यात गुंडाळलेलं घड्याळ आणून दिलं.

मागचं झाकण उघडलं. मशीन स्वच्छ होतं. वजन अलगद फिरत होतं, स्क्रूच्या खाचा धारदार होत्या. याआधी कुणी आत हात घातल्याचं दिसत नव्हतं. रबराचं वायसर थोडं कडक झालं होतं, पण पाणी आत शिरलं नव्हतं. त्यानं झाकण बसवलं आणि घड्याळ उलटं केलं.

"आता कड बघा," आनंदराव पुढं सरकून म्हणाले. त्यांनी बॅगेतून परदेशी मासिकाचं एक कात्रण काढलं. "या घड्याळाच्या कडेवरचे आकडे पांढरे असतात. सगळीकडं पांढरे. पिवळ्या आकड्यांची थोडीच बनवली होती, कुठल्याशा आरमारासाठी. हे बघा चित्र. गढूळ पाण्यात पिवळं लांबून दिसतं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा बघतोय मी."

कडेवरचे आकडे खरंच पिवळे होते. पाच, दहा, पंधरा, सगळे गर्द पिवळे. कुंडलिकला आठवलं, सहा वर्षांपूर्वी त्यानं पाहिले तेव्हा त्यांच्यावर फिकट झाक होती आणि ती त्यानं जुनेपणाच्या खात्यात टाकली होती. त्यानं भिंग जवळ नेलं. आकड्यांच्या खोबणीत पिवळा रंग सारखा नव्हता. कोपऱ्यात दाट, मध्ये विरळ. पट्ट्याच्या शिवणीतही तोच रंग होता. काचेखालचे काटे आणि डायलवरचे ठिपके मात्र मळकट पांढरे. कंपनीनं बाहेर पिवळं केलं असतं तर आतही केलं असतं.

आणि मग, भिंग डोळ्याला असतानाच, त्याला सरळ उत्तर दिसलं. एकदा बांधलं की काढायचं नाही, ही बाजीरावाची अट. आणि नवरदेवाला लग्नाआधी काय लावतात?

त्याला हसू आलं, आणि पुढच्याच क्षणी ते जिरलं.

कारण आता बोलायचं काय, हा प्रश्न होता. 'मूळचं आहे' म्हटलं तर बाजीरावाच्या विहिरीवर इंजिन बसेल, आनंदराव खुशीत पुण्याला जातील आणि फसवणूक झाली हे कदाचित कुणालाच कधी कळणार नाही. कुंडलिक सोडून. 'मूळचं नाही' म्हटलं तर अकराशे जातील आणि घड्याळ फिरून त्याच्याच पदरात पडेल. मग आनंदराव काय म्हणतील? या माणसानं स्वतःला हवं म्हणून खोट काढली. बाजीरावही मनात तेच म्हणेल. खरं सांगून खोटारडा ठरण्याची अशी वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"काय झालं?" आनंदरावांनी विचारलं.

"मशीन मूळचं आहे. डायल, काटे, बॉडी, सगळं मूळचं आहे. कडेबद्दल मी बोलत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला हे घड्याळ घ्यायचंय. तेव्हा कडेबद्दल मी काही बोललो तर तुम्ही ते धरू नये, आणि मी तुमच्या जागी असतो तर मीही धरलं नसतं. तुम्ही स्वतःच बघा. साहेब, पानाला चुना लावता ना? डबी आहे जवळ?"

आनंदरावांनी गोंधळून खिशातून चुन्याची डबी काढली.

"बोटाच्या टोकावर चिमूटभर घ्या. इथं, या दहाच्या आकड्यावर लावा. घड्याळाला काही होत नाही, त्याची जबाबदारी माझी. मी हात लावत नाही."

आनंदरावांनी चुना घेतला, थोडा वेळ कुंडलिकच्या तोंडाकडं पाहिलं आणि दहाच्या आकड्यावर बोट फिरवलं. सगळे वाकले. आधी काहीच झालं नाही. मग चुन्याच्या कडेनं तांबूस रेघ उमटली आणि बघता बघता अख्खा आकडा लालभडक झाला.

सरूबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बया! घड्याळाला कुकू लागलं की!"

"हळद हाय व्हय ही?" बाजीराव ओरडला.

"हळदच," सरूबाई म्हणाली. "चुन्यानं लाल आणखी काय हुतंय? तुमी काढू द्याचा न्हाई घड्याळ हातातनं. पोरं काय कोपराच्या वरच हळद लावून घेतील?"

आनंदराव लाल झालेल्या आकड्याकडं बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी कात्रण उचललं, त्यातल्या चित्राकडं पाहिलं आणि घडी घालून बॅगेत ठेवलं. कुंडलिकला वाटलं, आता हा माणूस चिडणार.

"किती लग्नं झाली म्हणालात?" त्यांनी विचारलं.

सरूबाई बोटांवर मोजू लागली. पुतण्या, शेजारचा गेनबा, वरच्या आळीतले चार, भामाबाईचे दोन. एकाचं दोनदा झालं होतं, ते एक धरायचं की दोन यावर नवराबायकोत थोडी बाचाबाची झाली. शेवटी आकडा तेवीसवर थांबला.

"तेवीस नवरदेव," आनंदराव म्हणाले आणि मोठ्यानं हसले. हसताना त्यांना ठसका लागला, पान थुंकायला बाहेर जावं लागलं. परत आले ते डोळे पुसतच. "आरमार म्हणे! कुंडलिकराव, माझ्याकडं एक तपकिरी डायलचं आहे. दुर्मिळ म्हणून सहाशेला घेतलंय. सवड काढून पुण्याला या आणि त्याच्यावर काय सांडलंय ते सांगा."

"येईन."

"पण हे मला अजूनही आवडलंय. बाजीराव, पाचशे देतो. आत्ता, रोख."

कुंडलिकनं रुमालाची घडी केली. त्याच्या अंदाजानं पाचशे हीच रास्त किंमत होती, आणि ते तो बाजीरावाला पूर्वीच कळवून बसला होता.

"तुजं काय?" बाजीरावानं त्याला विचारलं.

"माझ्याकडं साडेचारशेच आहेत. दुसरं सांगायला काही नाही."

बाजीरावानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "आनंदराव, राग धरू नगा. जबान आदी याला दिली हुती. अकराशेपायी मोडाया निगालो, ते काय लई चांगलं केलं न्हाई. आता पन्नासापायी बी मोडली तर माज्याच मनाला खाईल. आन तुमी इचारा स्वतःला, यानं मघाशी गप ऱ्हायचं म्हटलं असतं तर तुमचे वरचे सहाशे रुपये कुठं गेले असते?"

"ते मी विचारलंय," आनंदराव म्हणाले. "द्या त्यांना."

"थांबा!" सरूबाई मधे आली. "माजं कोन इचारतंय का? पुण्याला गेलं म्हंजे गेलं. भोर काय लांब हाय? लोकं हितं दारात येनार, म्हननार, वैनी, जरा सांगा त्या भोरवाल्याला. माजा तरास हाय तिथंच! कुंडलिकभाऊ, तुमी लोकांना न्हाई म्हनाल का?"

"म्हणेन, वैनी."

"तोंडावर?"

"तोंडावर. माझ्याकडं आलं की डब्यात राहील. मी कुणाला घड्याळ वापरायला देत नाही. माझी मीसुद्धा घालत नाही."

सरूबाईला हे पटलं. बाजीरावानं नोटा मोजून घेतल्या. आनंदरावांनी निघण्यापूर्वी स्वतःच्या हातानं घड्याळ कुंडलिकच्या मनगटाला बांधलं, पत्ता लिहिलेला कागद दिला आणि बहिणीच्या घरी जेवायला गेले. कुंडलिकनं लिंबाची फोड मागून घेतली. लाल झालेल्या आकड्यावर दोन थेंब पिळले, तशी हळद पुन्हा पिवळी झाली. मग मनगट दोनदा हलवून घड्याळ कानाला लावलं. आतून बारीक, एकसारखा आवाज येत होता. सहा वर्षं त्यानं या आवाजाची वाट पाहिली होती. सरूबाई चहाला आत गेली.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. वरच्या आळीतला सोनबा आला. हातात पत्रिका, डोक्याला नवा फेटा, घाम सुटलेला.

"रामराम! बाजीदा, शनवारी हळद, ऐतवारी आमच्या दादूचं लगीन. घड्याळ न्यायला आलोय."

बाजीराव चमकला. "कुनी सांगितलं तुला मिळंल म्हनून?"

"वैनींनी. पाडव्यालाच बोलल्यात आमच्या घरात."

सगळ्यांनी स्वैपाकघराच्या दाराकडं पाहिलं. आत कपबशांचा आवाज एकदम थांबला.

"सरू!" बाजीरावानं हाक मारली. बाहेर कुणी आलं नाही.

"घड्याळ इकलं रं," बाजीराव म्हणाला. "आत्ता, घटकेपूर्वी. मालक हे बसलेत. त्यांना इचार."

सोनबानं कुंडलिककडं पाहिलं, मग त्याच्या मनगटाकडं. त्यानं फेटा सावरला आणि समोर येऊन बसला. हा माणूस याआधी कुंडलिकच्या दुकानावरून शंभरदा गेला असेल, पण समोर असा कधी बसला नव्हता.

"सोयऱ्यानं इचारलं हुतं, नवरदेवाला घड्याळ हाय का. म्या हो म्हनून सांगितलं. आता पोरगं मांडवात मोकळ्या हातानं गेलं तर मी लबाड ठरलो की न्हाई? सोमवारी माज्या हातानं भोरला आनून देतो. तुमी नुसतं हो म्हना."

कुंडलिकनं नाही म्हणायला तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, मघाशीच सरूबाईपुढं म्हणून झालं होतं. मनगटावरचं घड्याळ चालत होतं. त्यानं सोनबाकडं पाहिलं. खरं बोलून लबाड ठरण्याची भीती कशी असते, हे तासाभरापूर्वीच त्याच्या अंगावरून गेलं होतं.

"हळदीच्या वेळी काढून ठेवाल?" त्यानं विचारलं.

"ठेवू की." सोनबानं विचार केला. "पर कुठं ठेवू? घरात साठ मानसं. गेलं म्हंजे?"

कुंडलिकनंही विचार केला. मग त्यानं पट्टा सोडला. "असू द्या हातातच. पण ही कड उगाच फिरवायची नाही म्हणावं."

"मंगलाष्टका चालू असताना मानूस दुसरं काय करनार?" बाजीराव म्हणाला. सरूबाई चहा घेऊन बाहेर आली, तिनं पहिला कप कुंडलिकला दिला आणि त्याच्या डोळ्याला डोळा न देता म्हणाली, "म्हनला वाटतं न्हाई? तोंडावर?"

सोनबानं पत्रिकेवर कुंडलिकचं नाव घालायला लावलं. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून ते कुंडलिकनंच लिहिलं.

शेवटच्या गाडीनं तो घरी पोचला तेव्हा रतनबाई चुलीपुढं बसली होती. तिनं त्याचा रिकामा खिसा पाहिला, रिकामं मनगट पाहिलं.

"पैसं दिलं?"

"दिले."

"मग घड्याळ कुठाय?"

"लग्नाला गेलंय."

रतनबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "आन तुमी?"

"आपण दोघं ऐतवारी जायचंय," कुंडलिक म्हणाला आणि पत्रिका तिच्यापुढं धरली.